योसेफाचे दोन वडील

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून फोन आला आणि पहिली आठवली ती गणिताच्या सरांची मोजणी.

आठवीत होतो. श्रावणातली झड, वर्गात निम्मीच पोरं, पत्र्यावर इतका आवाज की शिकवणं अशक्य. सर ख्रिस्ती. त्यांनी पिशवीतून बायबलचा नवा करार काढला आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचं पहिलं पान, येशूची वंशावळ, माझ्यापुढं ठेवलं. "चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट हैत म्हणतोय. मोज बघू."

'अब्राहामाला इसहाक झाला' इथून मी बोटं मोडत निघालो. यायला हवे बेचाळीस, माझे एकेचाळीसच. परत मोजलं, तेवढेच. शेवटच्या गटात तेराच नावं.

"सर, ह्यानं बेरीज चुकवलीया की वो!"

"चुकवली का जुळवली?" सर हसले. मधल्या गटात योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योआश, अमस्या हे तीन राजे मत्तयानं गाळलेत, हे त्यांनी दाखवलं. इब्री म्हणजे हिब्रू भाषेत अक्षरांनाच आकड्यांची किंमत; दावीद राजाच्या नावाची चार, सहा आणि चार, म्हणजे चौदा. दावीदाचा वंश ठसवायला हा हिशेब बसवला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. मग लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय. तिथं वंशावळ येशूपासून उलटी आदामापर्यंत चढते. दावीदाखाली मत्तय त्याच्या शलमोन या मुलाची फांदी धरतो, लूक नाथान या मुलाची. आणि येशूची आई मरीया, तिचा नवरा योसेफ; त्याचे वडील मत्तयात याकोब, लूकमध्ये एली!

"असं कसं वो सर?"

"सुगीत तुमच्याकडं हेळवी येतो न्हवं? त्याला विचार."

निपाणीकडच्या आमच्या गावात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी राखणारा आणि म्हणून दाखवणारा, तेव्हा बैल घेऊन यायचा. त्या सुगीत तो आला, आजीनं सूपभर जोंधळे घातले, त्यानं सोप्यात घोंगड्यावर चोपडी उघडली आणि एका सुरात नावं म्हणायला लागला. पणजोबांचं नाव दोनदा आलं. एकदा जन्मदात्याखाली, एकदा निपुत्रिक चुलत्याखाली. दत्तक गेलेले! मध्येच तीन-चार नावं गिळून तो पुढं गेला, तेव्हा आजोबांनी हटकलं. "त्यांचं घर बुडालं, ती म्हणत न्हाई," म्हणाला.

सोमवारी सरांना सांगितलं तर ते खूश. तिसऱ्या शतकातल्या आफ्रिकानुस नावाच्या ख्रिस्ती लेखकाचं उत्तर याच जातीचं होतं. त्याच्या मते याकोब आणि एली एका आईचे, दोन बापांचे भाऊ. एली निपुत्रिक वारला, यहूदी रीतीनं याकोबानं भावजयीशी लग्न लावलं, योसेफ झाला. रक्तानं याकोबाचा, कायद्यानं एलीचा. कित्तूरच्या चन्नम्मांचा दत्तक कंपनी सरकारनं नाकारला म्हणून 1824 साली लढाई झाली, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळं 'कायद्याचा मुलगा' आम्हाला समजावून सांगावा लागला नाही. लूकची वंशावळ मरीयेकडची, असंही एक उत्तर आहे. ते मला अजून पटत नाही. लूक सरळ योसेफाचंच नाव घेतो. आफ्रिकानुसच्या त्या एका आईचाही शुभवर्तमानात पत्ता नाही म्हणा.

सरांनी मत्तयातल्या पाच नावांखाली पेन्सिल ओढली. तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको, मरीया. "तुमच्या चोपडीत बायका किती?" एकही नव्हती. जोंधळे घालणारी आजीसुद्धा नव्हती.

गेल्या सुगीत त्या हेळव्याचा नातू मोटारसायकलवरून आला. मी दोन्ही लेकींची नावं सांगितली. तो पेन उघडून थांबला.

"आणि पोरगा?"

"ह्याच दोघी."

त्यानं वही तिरकी केली आणि समासात लिहिली.