शहादा ते रावेर सायकलने : प्रमाणपत्र घेऊ नका, शेअर घ्या

आधी निकाल सांगतो, वृत्तांत नंतर. सहकार दिनाच्या सायकल यात्रेत माणशी 1,500 रुपये भरून मिळणारे ‘आंतरराष्ट्रीय युवा सहकार प्रमाणपत्र’ हा निव्वळ छापील कागद आहे, आणि अडावद ते किनगाव हा रस्ता पावसाळ्यात सायकलने जाण्याच्या लायकीचा नाही. या दोन गोष्टी कोणी आधी सांगितल्या असत्या, तर आम्हा चौघांचे सहा हजार रुपये आणि माझे मागचे चाक वाचले असते.

2025 हे संयुक्त राष्ट्रांनी 2012 नंतर दुसऱ्यांदा जाहीर केलेले आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष. जुलैचा पहिला शनिवार, म्हणजे आंतरराष्ट्रीय सहकार दिन, त्या वर्षी 5 तारखेला येत होता. त्यानिमित्त व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या निमंत्रणात तीन दिवसांत शहादा ते रावेर, वाटेत गावोगावी विकास सोसायट्यांच्या, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थांच्या, तरुण सभासदांशी चर्चा, आणि शेवटी ‘जागतिक सहकार चळवळीचे सदस्यत्व’ मिळवून देणारे प्रमाणपत्र असा बेत होता. रस्ता ‘गुळगुळीत’ असल्याचेही त्यात ठळक अक्षरांत होते. आम्ही चौघे शेतकऱ्यांची मुले, वय 22 ते 27, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर सायकल मारण्याची सवय असलेले. ज्यांना ती सवय नाही त्यांनी सरळ मोटारसायकलने जावे.

पहिल्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. शिरपूरच्या अलीकडे चहाच्या टपरीवर एका आजोबांनी आमचे फलक वाचून विचारले, “पोऱ्यासले सोसायटीमा काय करनं शे?” म्हणजे, पोरांना सोसायटीत काय करायचे आहे? आम्ही हसलो आणि पुढे निघालो. त्यांचा प्रश्न बरोबर होता, हे कळायला दोन दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी अनेर नदी ओलांडून चोपडा, तिथे शेवभाजी-भाकरी, आणि अडावदपर्यंत सारे ठीक होते. त्यानंतर डांबर कुठे आहे आणि खड्डा कुठे, हे पाण्याखाली दिसेनासे झाले. खड्डे चुकवण्यासाठी आम्ही साइडपट्टीवर उतरलो, ही आमची सर्वांत मोठी चूक. तिथली काळी माती टायरला चिकटते, टायरवरून मडगार्डात शिरते, तिथे लिंपल्यासारखी बसते आणि शंभर पावलांत चाक फिरायचे थांबते. आम्ही पऱ्हाटीच्या काडीने माती काढत होतो आणि पुन्हा शंभर पावले चालत होतो. धानोऱ्यापर्यंत हेच चालले. पुढे पाणी भरलेल्या एका खड्ड्यात माझ्या मागच्या चाकाचे चार आरे तुटले. किनगावहून यावलपर्यंत चार सायकली न्यायला टेम्पोवाल्याने 1,200 रुपये मागितले आणि घेतलेही. यावलच्या लॉजवर फोनवर सांगितलेले 400 रुपये ‘गरम पाणी आणि सायकली आत ठेवण्याचे’ म्हणून 800 झाले. यानंतर येणाऱ्यांनी मडगार्ड घरीच काढून ठेवावेत, सुटे आरे बरोबर घ्यावेत, साइडपट्टीवर अजिबात उतरू नये, आणि दर फोनवर न ठरवता लिहून मागवावा. मी थकलेल्या अंगाने लिहितो आहे हे मान्य, पण थकवा उतरला तरी या रस्त्याबद्दलचे माझे मत बदलणार नाही.

तिसऱ्या दिवशी, खुद्द सहकार दिनी, यावल आणि फैजपूरच्या दरम्यान एका गावच्या सोसायटीत आमचा ‘युवा संवाद’ ठरला होता. आयोजकांनी जागतिक दिनदर्शिका पाहिली असेल, पंचांग मात्र पाहिलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती, त्यामुळे चेअरमन आणि निम्मे संचालक पंढरपुरात होते. कार्यालयात सोसायटीचे दप्तर सांभाळणारे गटसचिव एकटेच बसलेले. तेही तीन गावांचा कारभार पाहणारे. पावसामुळे आम्ही गोदामातच, इफ्को या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेच्या युरियाच्या गोण्यांवर बसलो. तरुण सभासद कुठे आहेत, असे विचारल्यावर त्यांनी लोखंडी कपाटातून सभासद रजिस्टर काढले आणि आमच्यापुढे उघडले. पहिल्या दोन पानांवर चाळीस नावे होती. त्यांपैकी सात नावांपुढे लाल शाईने ‘मयत’ लिहिलेले, आणि तिशीच्या आतला एकही नव्हता.

“आप्पा, मुलं अर्ज करत नाहीत का?” असे मी विचारले.

“करतील कशावर? सात-बारा बापाच्या नावावर, केळी मुलगा लावतो, कर्ज बाप उचलतो. तुमच्यापैकी किती जणांच्या नावावर जमीन आहे, ते आधी सांगा.”

वडिलांच्या पश्चात आईबरोबर माझे नाव लागलेले होते. उरलेल्या तिघांचे कुठेच नव्हते. त्या सोसायटीच्या उपविधीत शेतजमीन स्वतःच्या नावावर असणे ही सभासदत्वाची अट होती, आणि कुठल्याही प्रमाणपत्राने ती अट टळणार नव्हती.

रावेरला सायंकाळी प्रमाणपत्रे वाटली. त्यावर सप्तरंगी ध्वज छापला होता. देशोदेशींच्या सहकारी संस्थांच्या आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने, म्हणजे आयसीएने, आपला हा जुना ध्वज 2001 मध्येच बदलला आहे. मुद्दा ध्वजाचा नाही. 1895 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या आणि आता ब्रुसेल्समधून चालणाऱ्या या संघाचे सभासदत्व संस्थांना मिळते, व्यक्तींना नाही. त्याची युवा समिती आहे, तिचा प्रतिनिधी संचालक मंडळावर बसतो, 2020 मध्ये मलेशियातील कुचिंग येथे जागतिक युवा मेळावाही झाला, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्लीच्या भारत मंडपमात जागतिक परिषद भरली. या सर्व ठिकाणी तरुण पोहोचतात ते प्रामुख्याने आपापल्या संस्थांच्या मार्फत. इफ्को ही आयसीएची सभासद आहे आणि इफ्कोचे सभासद म्हणजे देशभरातील सहकारी संस्था, गावच्या सोसायट्यांसह. ज्या गोणीवर बसून आम्ही पाऊस थांबण्याची वाट पाहत होतो, त्या गोणीतूनच आमची वाट ब्रुसेल्सकडे जात होती. आधुनिक सहकार चळवळीचा पाया घालणाऱ्या, इंग्लंडमधील रॉचडेलच्या 28 जणांनीही 1844 मध्ये प्रमाणपत्र नव्हे, तर माणशी एक पौंडाचा भाग, म्हणजे शेअर, घेतला होता.

म्हणून यापुढे जाणाऱ्यांनी यात्रेला जरूर जावे, मात्र पैसे भरून नव्हे, आणि एकादशी टाळून. गटसचिव कोणत्या गावी कोणत्या वारी बसतात, हे आधी फोन करून विचारावे. नाही तर कुलूप पाहून परतावे लागेल. निघण्यापूर्वी स्वतःच्या गावची दोन कामे उरकावीत. नावावर जमीन असेल, तर सात-बारा आणि आठ-अ जोडून सभासदत्वाचा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 22 नुसार तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाल्याचे मानले जाते. ‘पुढच्या मीटिंगला बघू’ या उत्तरावर पोचेखेरीज दुसरे औषध नाही. नावावर जमीन नसेल आणि घरी वाटणीचा विषय काढण्याची सोय नसेल, तर वेगवेगळ्या कुटुंबांतील दहा जण मिळून स्वतःची संस्था नोंदवता येते; केळीची प्रतवारी, ड्रोन फवारणी, असे काहीही. तेही जमत नसेल, तर निदान वडिलांना 30 सप्टेंबरपूर्वीच्या वार्षिक सभेला जायला लावावे आणि अहवाल घरी आणायला सांगावे. सभासद झाल्यावर कलम 32 नुसार उपविधी, ताळेबंद आणि सभासद रजिस्टर कार्यालयात विनामूल्य पाहता येते. त्या रजिस्टरातील लाल शाई मोजण्यासाठी तरी हा अधिकार वापरावा.

आमच्या चौघांपैकी दोघांनी या यात्रेनंतर सहकाराचे नाव टाकले आहे, आणि मी त्यांना दोष देत नाही. तिसरा घरी वाटणीबद्दल बोलला. घरात दोन दिवस कोणी त्याच्याशी बोलले नाही. मी सोमवारी सकाळी, चाक दुरुस्तीला टाकून, आमच्या सोसायटीत अर्ज दिला. गटसचिवांनी पोच द्यायला पाऊण तास लावला आणि शिक्का उलटा मारला, पण तारीख स्वच्छ वाचता येते : 7 जुलै 2025.