पट्टी गारवा सांगते, जीव नाही

आटपाडी तालुक्यातल्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात द्रव नायट्रोजनची गाडी आली की सकाळ त्यातच जाते. वळूंच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या ठेवतो तो कंटेनर भरायचा, पट्टी आत सोडायची, बाहेर काढून हवेत हलवायची. पट्टीवर पांढरं हिव जिथवर धरतं, तिथवर नायट्रोजन आहे असं समजायचं.

हे चाललेलं असताना एक शेतकरी गाय माजावर आल्याचं सांगायला आला. बरोबर पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा. तो पट्टीकडे बघत म्हणाला, "डॉक्टर, अमेरिकेत माणसंही अशीच गोठवून ठेवतात ना? आमचे आबा अंथरुणाला खिळलेत. त्यांना ठेवता येईल?"

वडील डाफरले. मी त्यांना थांबवलं. पोराचा आज्यावर जीव होता, आणि प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच होता. त्यानं बरंच वाचलं होतं. अमेरिकेतल्या जेम्स बेडफर्ड यांना मेल्यावर १९६७ साली गोठवलं, ते आजही तसेच आहेत. "एवढी वर्षं टिकले, म्हणजे प्रगतीच की."

नव्या खेपेतली वीर्याची एक कांडी मला तपासायचीच होती. उणे १९६ अंशांतून काढली, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरली, पुसली, कापली आणि थेंब काचपट्टीवर घेतला. मायक्रोस्कोपला डोळा लावल्यावर पोरगा बराच वेळ हललाच नाही. मग वडिलांनीही वाकून पाहिलं. आयुष्यभर गायी भरवून घेतल्या, पण ही वळवळ त्यांनी पहिल्यांदाच बघितली.

मी म्हटलं, यातले निम्मे शुक्राणू तरी सरळ पुढं सरकले पाहिजेत, नाहीतर कांडी फेकायची, मग वळू कितीही नामांकित असो. किती वर्षं ठेवली याला इथं किंमत नाही. १९४९ साली इंग्लंडमध्ये गोठताना पेशी जपण्याचा ग्लिसरॉलचा गुण कळला, तेव्हा कुठं पेशी गोठवणीतून धड बाहेर यायला लागल्या. आकार वाढला की पुन्हा अडतं. असं जपणारं द्रावण सगळीकडे पोचत नाही, ऊब एकसारखी लागत नाही, अवयवाला तडे जातात. मिनेसोटा विद्यापीठात २०२३ साली उंदरांची मूत्रपिंडं शंभर दिवसांपर्यंत गोठवून ठेवली, लोहाच्या अतिसूक्ष्म कणांनी आतून ऊब दिली आणि ती परत उंदरांत बसवली. ती चालली. मला खरी प्रगती ही वाटते.

मग त्यांच्या वस्तीवर गेलो. गाय खिलार, अस्सल. ओसरीवर आबा पडलेले, एक बाजू लुळी. पण मला बघताच त्या गायीची आई, तिची आई, कुठली कालवड खरसुंडीच्या बाजारातून आणली, सगळं अडखळत का होईना सांगितलं. पोरगा माझ्या कानाशी म्हणाला, "मला हे ठेवायचंय."

म्हणजे आठवण. मग मापही आठवणीचंच हवं. २०१५ साली एका बारक्या कृमीला आधी एक वास शिकवला, मग गोठवलं, पुन्हा जिवंत केल्यावर तो वास त्याला आठवला. त्याच्यात चेतापेशी ३०२. आबांच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज. २०१८ साली डुकराचा अख्खा मेंदू गोठवून जपल्याबद्दल बक्षीस मिळालं, कारण पेशींचे जोड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली शाबूत दिसले. काम मोलाचं आहे. पण त्यासाठी रक्तवाहिन्यांतून आधी ग्लुटारल्डिहाइड नावाचं रसायन सोडलं होतं, आणि त्यानं पेशी कायमची मरते. जोड उरतात. त्या जोडांतून माणूस परत वाचता येईल का, हे अजून कुणी करून दाखवलेलं नाही. आणि वस्तीवर श्वास थांबल्यावर रक्त जागीच थिजतं, द्रावण मेंदूपर्यंत जाणार कसं?

"आबांसाठी आज हे नाही, बाळा," मी स्पष्ट सांगितलं. त्याला खोटी आशा लावणं मला पाप वाटलं असतं.

तो गप्प झाला, पण खचला नाही. "मग जमलं असं कधी म्हणायचं?"

"उंदराला एखादी वाट शिकवली, तो पुरता गोठवला, ऊब दिली आणि तो त्याच वाटेनं गेला, तेव्हा. त्याच्या अलीकडच्या बातमीत पट्टीवर हिव कुठवर धरलं एवढंच असतं."

त्यानं मोबाइलमध्ये लिहून घेतलं, आणि आबांना विचारलं, "त्या कालवडीला किती दिले होते?"