बरडच्या पुढे

फोड आला तो बरड सोडल्यावर, नातेपुत्याच्या वाटेवर. आषाढीच्या वारीत आळंदीपासून दहा-अकरा दिवस पायांनी तक्रार केली नव्हती. दिवेघाट चढून झाला होता, वाल्ह्याच्या अलीकडे पावसाने झोडपलं होतं, आणि आता पाय तयार झाले असं मी धरून चालले होते. पाय असे तयार होत नाहीत. टाचेची कातडी जाड होते एवढंच, आणि जाड कातडीखालचा फोड लवकर फुटत नाही, आतल्या आत पसरत जातो.

सकाळी भुरभुर होती, मोजे भिजले. पहिल्या विसाव्याला ते बदलायला हवे होते. पण टाळ वाजले, दिंडी उठली, मीही उठले. ओली कातडी मऊ पडून मोज्याला धरते आणि दर पावलाला वरचा थर खालच्या थरावरून सरकतो. त्या फटीत पाणी भरतं, तोच फोड. त्यात मी रोज रस्त्याच्या डाव्या कडेने चालत होते. पाणी निघून जावं म्हणून डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. दिवसभर डावा पाय खाली, उजवा वर. त्यामुळे फोड डाव्या टाचेच्या बाहेरच्या अंगाला आला, रुपयाएवढा. अधूनमधून कड बदलून चालायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता मी भेटेल त्याला सांगते.

दुपारच्या विसाव्याला जेवायला न बसता मी बाभळीखाली बूट काढून बसले. आमच्या दिंडीत जिंतूरकडच्या एक आजी होत्या, सत्तरीच्या आसपासच्या, डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या. तोवर त्यांचं-माझं बोलणं ‘माऊली, सरका जरा’ एवढंच. त्यांनी वृंदावन झाडाच्या बुंध्याशी टेकवलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, “पाय दे इकडं.”

मी म्हटलं, “नको आजी, घाण आहे पाय.”

“मग धुवायला नको का?” त्यांनी तांब्यातलं पाणी ओतलं. पिण्याचं पाणी होतं ते. टँकर अजून आला नव्हता. पदराने पाय टिपला, टिपला म्हणजे अगदी कोरडा केला, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. कमरेच्या पिशवीतून सुई काढली आणि काडेपेटीच्या ज्योतीवर धरली. सुईवरची काजळी कापसाने पुसली, बेटाडिनमध्ये बुडवली. दोराही त्यात भिजवला. दोरा काळा होता, कारण पांढरा कातडीत दिसत नाही आणि काढायचा राहून जातो. फोडाच्या मध्यावर त्यांनी हात लावला नाही. खालच्या कडेला, जिथे कातडी अजून चिकटलेली असते तिथे सुई घातली, दुसऱ्या कडेने काढली. दोन्ही बाजूंना बोटभर दोरा ठेवून कापला. पाणी दोऱ्यावरून थेंबथेंब उतरलं. मग अंगठ्याने हळू दाबत राहिलेलं काढलं.

“वरची चामडी सोलायची नाही,” त्या म्हणाल्या. “ती आपली पट्टी. सोलली की संपली वारी.”

दिवसा चालताना पाणी परत साचू नये म्हणून दोरा, पण रात्रीनंतर ठेवायचा नाही. नातेपुत्याच्या आरोग्य पथकातल्या डॉक्टरांनी तो लगेच काढला आणि मला चांगलंच सुनावलं. आत राहिलेला दोरा जंतूंना वाट करून देतो, पू होतो. मधुमेह असलेल्याने हा प्रयोग मुळीच करू नये, सरळ पथकाकडे जावं. डॉक्टरांचं बरोबरच होतं. पण आजींची सुई नसती तर मी पथकापर्यंत पोहोचले नसते.

पाय हातात असताना त्यांनी नाव विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं. त्या नावावरून आमच्या भागात लगेच कळतं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, चिकटपट्टीचं टोक दाताने तोडलं आणि विचारलं, “तुमच्यात पाय धुत्यात म्हणं?”

मी हो म्हटलं. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, तो उतारा योहानाच्या तेराव्या अध्यायात आहे. लहानपणी दरवर्षी दुःखसप्ताहात मी तो बाकावर बसून ऐकला. आमच्या मंडळीत तो वाचत, त्यावर संदेश होई, गीत होई आणि आम्ही घरी जात असू. पाय कुणी कुणाचे धुतले नाहीत. हे मी आजींना सांगितलं नाही. गळा दाटला होता.

मी नगरची. घरात तीन पिढ्यांचं पवित्र शास्त्र, रविवारी उपासना, संडे स्कूलमध्ये पाठ केलेली वचनं. मला त्यातलं काही टाकायचं नव्हतं. पण श्रद्धा म्हणजे मान्य करायच्या गोष्टींची यादी, असं वळण मनाला लागलं होतं. मान्य केलं की झालं. पुढे करायचं काय, हात कुठे ठेवायचे, पाय कुठे टाकायचे, याचं उत्तर मिळत नव्हतं. काही वर्षं मी वाचत राहिले, मौन शिबिरांना गेले. तिथेही बसायचंच होतं.

वैशाखात दिंडीच्या महाराजांना फोन करून सरळ सांगितलं की मी ख्रिस्ती आहे, गळ्यात माळ नाही. त्यांनी विचारलं, रोज वीस किलोमीटर चालता का? रक्तदाबाची गोळी आहे का? मांस-मद्य नाही, एकादशी पाळायची, हरिपाठाला दांडी मारायची नाही, भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, आधी भरायची. सामान एका पिशवीत, दहा किलोच्या आत, पिशवीवर रंगाने दिंडीचा नंबर. माळेचा विषय त्यांनी काढला नाही, नंतरही नाही.

पुण्याचा मुक्काम गर्दीत गेला. सासवडचा दिवस तीस किलोमीटरच्या वर. वडकी सोडली की घाट सुरू होतो आणि माऊलींच्या रथाला बैलांच्या जादा जोड्या जुंपतात. तिथे मी एक गोष्ट केली, जी कुणाला दिसली नाही. स्तोत्रसंहितेत १२० ते १३४ अशी पंधरा स्तोत्रं आहेत, यरुशलेमला सणासाठी चढून जाणाऱ्यांची म्हणून ओळखली जातात. त्यातलं १२१वं मला लहानपणापासून पाठ आहे, डोंगरांकडे डोळे लावून मदत कुठून येईल असं विचारणारं. पुढे ‘ज्ञानोबा माऊली तुकाराम’ चालू होतं, मी मनात स्तोत्र म्हणत होते, आणि चौथ्या-पाचव्या वळणावर स्तोत्राचे शब्द पखवाजाच्या ठेक्यात बसले. ते चालणाऱ्यांचं गाणं आहे हे मला चाळीस वर्षांत समजलं नव्हतं. चढावर श्वास जिथे तुटतो तिथेच त्याची ओळ तुटते.

टाळ मला नवा नव्हता. नगरच्या भजनी मंडळात मी तो धरलेला आहे. नवखे दोन्ही वाट्या एकमेकींवर सपाट आपटतात, मग हवा कोंडते आणि आवाज ठप्प येतो. एक वाटी किंचित तिरकी ठेवून काठावर काठ मारला की तो मोकळा होतो. रोजच्या चार-पाच तासांत दोरीने तर्जनी कापते, म्हणून आधीच सुती चिंधी गुंडाळावी. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं या टाळावरच आम्ही म्हणत आलो. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. १९१७ साली मिशनचं काम सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या सगळ्यांसाठी. दोन वर्षांत ते गेले. नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलो त्या दिवशी त्यांची फार आठवण झाली. ते ज्या पुलावरून आले, त्यावरून उलट चालण्याला आमच्यात काय म्हणतील, याची भीतीही वाटली.

लोणंद, तरडगाव, फलटण. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण मला दिसलंच नाही, पुढे माणसांची भिंत होती.

लोणंदला राहुटीत मी फार चिडले. आमच्या राहुटीत वीसजणी. अडीचला उठून टँकरच्या पाण्याने अंघोळ, कारण साडेतीननंतर पुरुषांची रांग लागते. फिरत्या शौचालयात पाणी संपलेलं, दार लागत नाही, मागून कुणीतरी बादली आपटतंय. शेजारच्या तळावरचा भोंगा रात्री बारापर्यंत चालू. वाटणाऱ्यांनी दिलेली केळी खाऊन सालं तिथेच टाकलेली, त्यावरून एक बाई घसरून पडली. देवाचं नाव तोंडात असताना इतकी चीड मनात कशी राहते, याचा मला धसका बसला.

त्याच रात्री धर्मांतराचा विषय निघाला. दुष्काळात धान्यासाठी गेले ते, असं कुणीतरी म्हणालं. माझ्याकडे रोख नसावा, मी झोपले असं वाटलं असेल. माझे खापरपणजोबा नेवाशाजवळच्या एका गावच्या महारवाड्यातले. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, तो नेवाशाचा खांब त्यांच्या गावापासून चालत जाण्याजोगा होता. पण देवळाची पायरी त्यांच्यासाठी नव्हती. धान्य मिळालं असेल. शाळाही मिळाली, नावापुढे ‘राव’ मिळालं. हे सगळं उठून सांगावंसं वाटलं आणि मी कनातीकडे तोंड करून पडून राहिले. कोपऱ्यातून जिंतूरच्या आजींचा आवाज आला, “झोपा आता. अडीचला उठायचंय.” तेव्हा मी त्यांना ओळखतही नव्हते.

हरिपाठ संपला की सगळे एकमेकांच्या पाया पडतात. लहान मोठ्याच्या, मोठा लहानाच्या. मला ‘देवाखेरीज कुणापुढे वाकू नको’ हे चौथ्या वर्षापासूनचं शिक्षण. पहिले काही दिवस मी हात जोडून उभी राहायचे आणि पाय मागे घ्यायचे. नातेपुत्याला, फोडाच्या संध्याकाळी, आजी माझ्या पायांशी वाकल्या. पट्टी बांधलेला पाय मागे घेता येईना. मी खाली बसले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. भेगांत डांबर बसलेले पाय होते. दुसरी आज्ञा आठवली, आणि ती मोडली असं वाटलं नाही.

पाय जपण्याबद्दल आजींकडून शिकले ते असं. टाचेला चटका जाणवला की त्याच जागी थांबायचं, विसावा येईपर्यंत नाही, आणि लाल जागेवर कापडी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावायची. आत पातळ मोजा, वर जाड, म्हणजे घासाघीस दोन मोज्यांत होते. रात्री भसाभसा खोबरेल चोळू नये, कातडी मऊ पडते. सकाळी टाचेला आणि बेचक्यांत थोडं व्हॅसलिन पुरे. क्षारसंजीवनीची मोठी पुडी एक लीटर पाण्याची असते. लोक ती पेल्यात कालवतात, मग मळमळतं आणि पाण्यालाच नावं ठेवतात.

वेळापूरचा धावा, म्हणजे उतारावरून दिंड्यांचं पळणं, मी कडेला उभी राहून पाहिला. टाच अजून ओली होती.

समाज आरतीबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. रोज संध्याकाळी तळावर पालखी मधोमध, भोवती दिंड्या गोल उभ्या, हजारो टाळ एकदम चालू. चोपदार दंड वर करतात आणि सगळं थांबतं. क्षणात. ज्या दिंडीची तक्रार आहे तिचे टाळ तेवढे चालू राहतात. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, मग तेही थांबतात. नंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात. चष्मा सापडला, पिशवी हरवली. मग आरती. तक्रार वाजवून सांगायची, ती ऐकली गेल्याशिवाय आरती नाही. भंडीशेगावला त्या शांततेत उभी असताना मी माझ्याही प्रार्थनेत तसं केलं. आधी लोणंदची रात्र सांगितली, प्रभूला, जशी होती तशी. मग डोळे मिटले.

पंढरपुरात दर्शनाची रांग फार लांब होती. आमच्या दिंडीतल्या बहुतेकांनी कळसाचं दर्शन घेतलं. मी महाद्वारात नामदेव पायरीपर्यंत गेले. समोर चोखोबांची समाधी आहे. हे देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात इथे दहा दिवस उपोषण केलं, तोवर चोखोबांच्या माणसांना याच्या पुढे जाता येत नव्हतं. माझी माणसं त्याआधीच दुसऱ्या वाटेने गेली होती. रेटारेटीत तिथे मिनिटभरही उभं राहता आलं नाही. हात मात्र दगडाला लागला.

चंद्रभागेच्या वाळवंटात आजींनी वृंदावन, चपला आणि गाठोडं माझ्यापुढे ठेवलं आणि स्नानाला गेल्या. दोन तास आल्या नाहीत. मी गाठोडं धरून बसून होते. ओल्या लुगड्याने परत आल्या तेव्हा धापा टाकत होत्या.

“जा आता तू. मी राखते.”

“आजी, मी स्नान नाही करणार.”

“नको करू. पाय तर धुशील?”

मी पट्टी सोडली. फोडाची जुनी चामडी सुकून कडेने सुटली होती, खालची कोवळी, गुलाबी. पाण्यात पाय घातला तशी टाच चरचरली. पाणी गढूळ होतं, घोट्यापर्यंत. मी तिथेच उभी राहिले, आजी हाक मारेपर्यंत.