तेल जमलं

डिसेंबरात एक सकाळ अशी उजाडते की न्हाणीघरातून आईची हाक येते, "अगं, तेल जमलं!" आमच्या घरी थंडी पंचांगात बघून येत नाही, खोबरेलाच्या बाटलीत बघून येते. स्वेटर, रजया, मेथीचे लाडू हे सगळं त्या हाकेनंतर.

'जमलं' हे आमचं इंदुरी मराठी. चार पिढ्या रामबागेत आणि मग राजेंद्रनगरात काढल्यावर हिंदीतलं 'जम गया' घरात येऊन पाटावर बसणारच. एकदा पुण्याहून मावसभाऊ आला होता. त्याला आई म्हणाली, "तेल जमलंय रे, जरा ऊन दाखव त्याला." तो गंभीरपणे म्हणाला, "जमलं? कोणाशी?" पुढे दोन दिवस तो सगळ्यांना समजावत होता की लग्न जमतं, तेल थिजतं.

चिडवण्याचा भाग सोडला तर मुद्दा त्याचाच बरोबर, आणि तो मला आवडलाही. शाळेच्या पुस्तकात स्थायू, द्रव, वायू अशा तीन पेट्या आणि त्यांच्यामधले बाण. स्वयंपाकघरात मात्र प्रत्येक बाणाला प्रत्येक पदार्थासाठी वेगळा शब्द. तेल-तूप थिजतं, पाणी गोठतं, रक्त साकळतं, दूध आटतं, कढी आळते, कापूर उडतो. 'तूप गोठलं' म्हणून बघा, कानाला लगेच खडा लागतो.

खोबरेल साधारण 24-25 अंशांच्या खाली गेलं की थिजू लागतं. माळव्यातल्या हिवाळ्यात पहाटे पारा दहाच्या खालीही उतरतो, त्यामुळे आमच्या बाटल्या जानेवारीभर पांढऱ्याफटक. मुंबईच्या आत्याला हे कौतुक ठाऊकच नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला तेल खराब झालं असं वाटलं. थिजलेल्या तेलाच्या मधोमध एक खळगा पडतो. तेल थिजताना आकसतं, कडेने आधी घट्ट होतं आणि मधलं उरलेलं खाली ओढलं जातं. तुपाच्या बरणीतही तोच खळगा. विरघळायला लागलं की राहिलेला गोळा तळाशी बसतो. पाण्याचं सगळंच उलटं. ते गोठताना फुगतं, म्हणून बर्फ वर तरंगतो आणि फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली फुटते. आपण रोज बर्फ बघतो म्हणून तरंगणं हाच नियम वाटतो. खरा विक्षिप्त तोच आहे.

बाटलीला ऊन दाखवायचं, घाई करायची नाही, हा आईचा नियम. दहावीच्या परीक्षेच्या सकाळी मी तो मोडला. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात प्लास्टिकची बाटली उभी केली आणि उजळणी करत बसले. दहा मिनिटांनी पाहिलं तर बाटलीनेच गुडघे टेकले होते, आत मात्र अर्धा गोळा तसाच. त्या दिवशी पेपर विज्ञानाचा होता, हे मी घरी बरीच वर्षं सांगितलं नव्हतं.

त्या न हललेल्या गोळ्याचा अर्थ मला पुढे आमच्याकडे आलेल्या आत्याच्या बासुंदीने कळला. दोन लिटर दूध चुलीवर चढवलं की पंधरा-वीस मिनिटांत वर येतं. पोरं वाट्या घेऊन धावतात. आत्या म्हणते, "आत्ता कुठे सुरुवात आहे." आणि मग तास-दीड तास ती उलथन्याने कडेची साय आत लोटत उभी. गॅस चालू आहे, उष्णता जातेच आहे, पण दुधाचं तापमान जिथे आहे तिथेच. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथलं पाणी पुस्तकातल्या शंभरावर नाही, 98 अंशांच्या आसपासच उकळतं. एक ग्रॅम पाणी तिथवर तापवायला सत्तरेक कॅलरी पुरतात. त्याच एका ग्रॅमची वाफ करायला वर आणखी 540 लागतात. एवढी सगळी जाते आणि पारा रेसभरही हलत नाही. मोठ्या आचेने दूध जास्त गरम होत नाही, नुसतं तळाला लागतं. हे गणित आत्याला माहीत नाही. बासुंदी लागलेली मी कधी पाहिली नाही.

पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हणतात. ग्लासगोचे शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी 1760 च्या दशकात तो पकडला. एकसारखी दोन काचेची भांडी, एकात बर्फ, दुसऱ्यात जवळजवळ तितकंच थंड पाणी, दोन्ही एकाच खोलीत. पाणी अर्ध्या तासात थोडं तापलं. बर्फाला विरघळून तेवढंच व्हायला साडेदहा तास लागले. दहा तास भांडं पुढ्यात घेऊन बसायचं म्हणजे आत्याच्या जातकुळीचाच माणूस.

हीच देवघेव उलटी फिरवून आम्ही उन्हाळ्यात आइस्क्रीम करायचो. लाकडी पॉट, मधे दुधाचा डबा, भोवती ठेचलेला बर्फ आणि खडेमीठ. मीठ पडलं की बर्फ शून्याच्याही खाली विरघळायला लागतो, आणि विरघळण्यासाठी लागणारी ग्रॅममागे 80 कॅलरी दुधातून ओढून घेतो. हँडल फिरवून हात दुखले की पाळी बदलायची. "खारं पाणी आत गेलं तर बघा" ही धमकी कायम, आणि दोनदा गेलंही. माठाचं तसंच. मे महिन्यात 42 अंशांत पाझरणारं पाणी उडताना आतल्याची उष्णता घेऊन जातं. जूनअखेर हवा ओलसर झाली की तोच माठ सुस्त पडतो आणि आई फ्रीजला शरण जाते.

कापराने तर मधली पायरीच गाळली आहे. पातळ न होताच उडतो. आजीच्या डबीत कापराबरोबर चार काळ्या मिऱ्या असायच्या, "म्हणजे उडत नाही." मला वाटतं काम डबीच्या घट्ट झाकणाचंच होतं, पण मिऱ्या अजून मीही टाकते.

आज सकाळी बाटली तिरकी करून पाहिली. तळाशी पांढरा ढग धरलाय. वरचं अजून वाहतंय. आई विचारत होती, जमलं का? म्हटलं, उद्या.