वरून कुणी बघेल असं कधी वाटलंच नव्हतं

चार दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकते.

सोमवारी पहाटे चीक शिजवला. आईचा हात अजून तोच, मीठ-हिंग घालून घोटत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, आणि गरम आहे तोवर भराभर कुरडया पाडायच्या कारण गार झाला की सोऱ्या फिरत नाही. साडेसहाला आम्ही गच्चीवर. प्लास्टिक अंथरलं, चार कोपऱ्यांना विटा, कावळ्यांसाठी बाबांची काळी छत्री उघडून मधोमध. आई गाऊनमध्येच, केसांना तेल, मांडी घालून बसलेली. दुसरी ओळ चालू होती तेवढ्यात तो आवाज आला, भुंगा कानाशी यावा तसा. शेजारच्या साईटचा ड्रोन, त्यांचं शूटिंग चालू असतं अधूनमधून. आला आणि आमच्या टाकीच्या जरा वर थांबला, असेल मिनिटभर. आईने वर बघितलं आणि तिचा हात खांद्यावर गेला. पदर ओढायला. गाऊनला कुठला पदर. हात थोडा वेळ तसाच चाचपडत राहिला आणि मग ती उठली, सोऱ्या तिथेच ठेवून खाली निघून गेली. उरलेल्या मी पाडल्या, वाकड्यातिकड्या, निम्मा चीक वायाच गेला.

झालं एवढंच. कुणी काही बोललं नाही, कुणी काही केलं नाही. पण तो हात.

खिडकीला पडदे आहेत, बाल्कनीला जाळी, दाराला साखळी, चारी बाजूंनी आपण घर झाकून घेतलंय. वर कधी काही लावायची वेळच आली नाही कारण वर कोण बघणार? घार, कावळे, लोहगावला उतरणारी विमानं, आणि विमानातल्याला खाली आई दिसते थोडीच. आईने आयुष्यभर दार वाजलं की आधी पदर सारखा केलाय. गच्ची ही एकच जागा होती जिथे ती ओले केस सोडून बसायची. आम्ही तिला आयुष्यात बाकी फार काही दिलं असंही नाही, ते जाऊ दे.

त्याच रात्री दादाने ग्रुपवर उडत्या टॅक्सीचा व्हिडिओ टाकला. नेहमीचंच त्याचं. दिल्ली ते गुरुग्राम 27 किलोमीटर 7 मिनिटांत, ही घोषणा 2023 ची. एरवी मी अंगठा देऊन मोकळी होते, ह्यावेळी बसून सगळं वाचलं. ह्या गाड्या बॅटरीवर चालतात, बरेच छोटे पंखे, सरळ वर उठतात, धावपट्टी लागत नाही. मग गर्दीच्या शहरात त्या उतरणार कुठे, तर इमारतींच्या छतांवर. छत म्हणजे काय, गच्चीच की. आमची तीन मजल्यांची आहे, तिच्यावर काही उतरणार नाही हे मलाही कळतं, पण एकदा त्या वर फिरायला लागल्या की खालच्या सगळ्या गच्च्या रस्त्याकडेच्या झाल्या. कोजागिरीला दूध आटवायचं ते वरच्या ट्रॅफिकखाली, आवाजात. मुलांनी संक्रांतीला पतंग कुठे उडवायचे? मांज्यापायी आत्ताच माणसांचे गळे कापतायत, त्यात पंखे. आणि मी बसले रात्री एक वाजेपर्यंत रडत, कुरडयांपायी का कशापायी मलाही सांगता येईना.

मला ह्या गोष्टी नको आहेत असं अजिबात नाही. कांदिवलीला चारकोपमध्ये अमोल यादवांनी घराच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, 2016 ला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात मुंबईला बीकेसीत ठेवलं होतं, त्याचं कात्रण बाबांच्या डायरीत अजून आहे. बाबा येईल त्याला दाखवायचे, गच्चीवर, अहो गच्चीवर! मलाही छाती भरून आल्यासारखं व्हायचं. तेव्हा गच्ची म्हणजे वर जायची जागा वाटायची. खालचं कुणाला दिसेल हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

ताईला फोन केला तर ती म्हणाली, अगं तू जव्हारचं विसरलीस का. डिसेंबर 2021, तिकडे पालघरमध्ये जव्हारहून झाप गावाला ड्रोनने 300 लसी पोचवल्या, वीसेक किलोमीटर, साधारण 10 मिनिटांत. तिकडच्या पाड्यांवरून बाळंतिणीला डोलीत घालून चिखलातून आणतात हे तिने स्वतः बघितलंय. तिथल्या बाईला वरून आवाज आला की लपावंसं वाटणार नाही गं, ती बाहेर येऊन बघेल, असं म्हणाली. पुढे मला बोलता येईना. आवाज तोच आणि पंखेही तसेच. कुणासाठी आला एवढाच फरक.

मग जरा शांत झाले. ड्रोनचे नियमही वाचले, 2021 चे आहेत, ग्रीन झोनमध्ये, म्हणजे ड्रोनला मोकळीक असलेल्या भागात, 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. आमचा भाग कुठल्या झोनमध्ये येतो ते नकाशावर बघायचंय. साईटवर जाऊन बोलायचंय, सकाळी आठच्या आत आणू नका एवढंच. ऐकतील, माणसंच आहेत. आणि उडत्या गाड्या काय लगेच येत नाहीत, पॅरिसला 2024 च्या ऑलिंपिकमध्ये प्रवासी नेणार होते ते जमलं नाही, आपली मुंबई-पुणे हायपरलूप, ती नळीतून धावणारी गाडी, 2018 पासून 25 मिनिटांत पोचवणार होती, ती कंपनीच 2023 संपताना बंद झाली. पण येतील कधीतरी, आणि आल्या की मीच सगळ्यात आधी ताईकडे जाईन, घाट न चढता, हेही खरं.

आई ह्या सगळ्यावर एक शब्द बोललेली नाही. मीही काढला नाही विषय. मंगळवारपासून ती पाचला उठून आंघोळ करून साडी नेसून गच्चीवर जाते. उरलेल्या गव्हाचा चीक आज घातला. वर गेले तर ओळी सरळ, एकसारख्या, तिच्या हातच्या. छत्री मात्र कुरडयांमध्ये नव्हती, आई तिच्याखाली बसली होती, दांडा खांद्याला टेकवून, एका हाताने सोऱ्या फिरवत. मी दांडा धरला. तिने सोडला.

पलीकडच्या टोकाच्या तीन कुरडया कावळ्यांनी नेल्या.