सोलापूरच्या उन्हात रोजची वाइन

सोलापूर जिल्ह्यात द्राक्षे पिकतात हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथे वाइनही होते हे मात्र खुद्द सोलापूरकरांनाही अधूनमधून सांगावे लागते. फेब्रुवारीत पुण्याहून मित्राकडे गेलो तो मुख्यतः हुरड्याच्या ओढीने, परंतु जाताना एक काम मनाशी पक्के केले होते. शहरातल्या साध्या दुकानात मिळणारी, हजार रुपयांच्या आतली आणि भाजी-भाकरीच्या जेवणाला बिनदिक्कत उघडता येईल अशी बाटली कशी निवडावी, हे तिथल्याच ताटासमोर बसून पाहायचे होते. महागड्या वाइनचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. पण घरी खरोखर रिकामी होते ती स्वस्त बाटलीच.

पहिल्याच सकाळी मित्राच्या मामांच्या बागेत, बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला गेलो. बाहेरच्यांना हे गाव माळढोक अभयारण्यामुळे माहीत असते, पण बागायतदारांच्या लेखी ते नानासाहेब काळे यांचे गाव आहे, कारण सोनाका आणि शरद सीडलेस ही द्राक्षाची गाजलेली वाणे त्यांनी इथेच निवडून वाढवली. मामांच्या मांडवाखाली लांबट, हिरवट-पिवळ्या मण्यांचे घड लटकत होते आणि काढणी तोंडावर आली होती. एप्रिलमधली खरड छाटणी, ऑक्टोबरमधली फळछाटणी, मग विरळणी आणि मणी लांब व्हावा म्हणून जीएचे डिपिंग, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवणे, असा वर्षभराचा जमाखर्च मामांनी उभ्या-उभ्या मांडला. या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच असतो, तो म्हणजे पातळ सालीचा, बिनबियांचा, रसाने टचटचीत भरलेला मोठा मणी. वाइनला नेमके याच्या उलट लागते. तिथे मणी बारीक हवा, साल जाड हवी, कारण लाल वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा गंध त्या सालीतूनच उतरतो. “ह्या मण्याची वाइन करायची म्हंजे गोड पाणी विकायचं काम हाय,” असे म्हणून मामांनी तो विषय संपवला आणि घड कापून आमच्या हातावर ठेवला. बाजारात पडलेल्या भावाने उरलेल्या खाण्याच्या द्राक्षांची वाइन केली तर शेतकरी तरेल, हा सल्ला दर हंगामात कोणी ना कोणी देतच असतो. त्याला याहून नेटके उत्तर मी ऐकलेले नाही.

वाइनची खरी द्राक्षे पाहायला दुसऱ्या दिवशी पंढरपूरमार्गे अकलूजला गेलो. माळशिरस तालुक्यात, मोटेवाडीच्या माळावर फ्रातेल्ली या वाइन कंपनीचे मळे आणि वाइनरी आहे. इटलीतले सेची, दिल्लीतले सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून २००७ च्या सुमारास हा उद्योग उभा केला. रोपे फ्रान्सहून आणली आणि वाइन घडवण्याची जबाबदारी इटलीतल्या तोस्कानाच्या पिएरो मासी यांच्याकडे दिली. आधी नोंदणी केली की मळा आणि कारखाना दाखवतात. एका वेलीवरचा काळपट मणी तोंडात टाकला, तर दातांखाली आधी जाड साल आली, मग बिया, आणि त्यानंतर अशी गच्च गोडी की पाण्याची आठवण व्हावी. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप; खाण्याचे द्राक्ष साधारण अठरा ब्रिक्सच्या आसपास उतरवतात, तर हे बावीस-तेवीसपर्यंत वेलीवर ठेवतात. तीच साखर पुढे यीस्ट खाते आणि तिचा अल्कोहोल होतो.

बाटलीच्या किमतीचे गणित मला उलगडले ते आतल्या थंड दालनात. एका बाजूला स्टीलच्या उंच टाक्या होत्या, दुसऱ्या बाजूला ओकच्या लाकडाची पिंपे. नेहमीच्या पिंपात २२५ लिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ३०० बाटल्यांइतकीच वाइन मावते. पिंप परदेशातून येते, काही वर्षांत त्याचा गुण ओसरतो, आणि वाइन त्यात महिनोन्‌महिने पडून राहते तोवर भांडवलही अडकून पडते. स्टीलच्या टाकीला यातले काहीच लागू नाही. तिथे रस थंड ठेवून सावकाश आंबवतात, फळाचा ताजा गंध राखतात आणि काही महिन्यांत बाटली भरून मोकळे होतात. तेव्हा हजाराच्या आतल्या बाटलीवर कोणी ओकची थोरवी छापली असेल, तर मी ती बाटली खाली ठेवतो. त्या किमतीत पिंपाचा खर्च सुटत नाही, आणि लाकडाचे तुकडे टाकीत बुडवून आणलेला व्हॅनिलाचा वास मला तरी रुचत नाही. हेच जड बाटलीबद्दल आणि तिच्या बुडाशी असलेल्या खोल खळग्याबद्दल. काचेचे पैसे आपणच देत असतो. उलट फिरकीच्या झाकणाला नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण लवकर प्यायच्या वाइनला त्याच्याइतके सोयीचे झाकण दुसरे नाही.

परदेशी नावाच्या मोहाबद्दलही इथेच लिहितो. आयात वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षे १५० टक्क्यांपर्यंत सीमाशुल्क लागत आले आहे. त्यामुळे दुकानात दीड हजाराला दिसणारी परदेशी बाटली तिच्या गावी अगदीच सामान्य असते, आणि तेवढ्याच पैशांत महाराष्ट्रातली कितीतरी बरी वाइन येते.

सोलापुरात परतल्यावर संध्याकाळी सात रस्त्याच्या बाजूला एका दुकानात शिरलो. काचेच्या कपाटात, ट्यूबलाइटच्या अगदी खाली, वाइनच्या बाटल्या उभ्या मांडून ठेवलेल्या होत्या. त्यातली एक उचलली तर काच चक्क कोमट लागली. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो, आणि वाइनचा उष्णतेइतका मोठा वैरी दुसरा नाही. असा एक उन्हाळा काढलेल्या पांढऱ्या वाइनचा रंग गडद होतो आणि चव शिजवलेल्या सफरचंदाकडे झुकते. म्हणून मी आधी नाव पाहत नाही, मागचे लेबल उलटून बाटली कधी भरली ते पाहतो. स्वस्त वाइन ठेवून सुधारत नाही. पांढरी आणि गुलाबी वर्ष-दीड वर्षात, लाल फार तर तीन वर्षांत संपवावी. दुकानदाराला म्हटले, “ही नको, आतल्या खोक्यातली नवी द्या.” त्याने मला एकदा नीट न्याहाळले, “सांगायचं की वो साहेब आधी, फ्रिजमध्ये पण हाय,” असे म्हणाला आणि बिअरच्या मागून शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनची गारेगार बाटली काढून दिली. सोबत शिराझ या लाल वाइनची एक बाटली घेतली. ज्या दुकानात वाइनचा खप आहे आणि फ्रिज चालू आहे, तिथली साधी बाटलीही धूळ खात पडलेल्या नामांकित बाटलीपेक्षा भरवशाची, असा माझा अनुभव आहे.

रात्री मित्राच्या गच्चीवर पंगत बसली. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही, गूळ, मित्राने शेतातून आणलेला भाजका हुरडा आणि खारे मटण. वहिनींनी खलबत्त्यात कुटलेली चटणी अशी तेलकट, लसणाची आणि झणझणीत होती की तिच्यापुढे कोणत्याही वाइनची कसोटी लागावी. आधी मुद्दाम शिराझ उघडली. चटणीच्या घासावर तिचा घोट घेताच जीभ दुप्पट पोळली, कारण तुरटपणा आणि अल्कोहोल हे दोन्ही तिखटाला चेतवतात. त्यानंतर शेनिन ओतली. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातले हे द्राक्ष इथल्या मातीत छान रुळले आहे. सुलाने २००० साली आपल्या पहिल्या वाइन आणल्या, त्यांतही शेनिन होतीच. तिच्यात आंबटपणा चांगला असतो, आणि आपल्याकडे तिच्यात किंचित साखर राखण्याची पद्धत आहे. तेलकटपणा आंबटाने कापला जातो आणि तिखटाची धार त्या साखरेने बोथट होते. “भाऊजी, ही लिंबाच्या सरबताची बहीणच दिसते,” असे वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा पेला पुढे केला. हुरड्याच्या धुरकट गोडीशी तर तिचे इतके जमले की मित्राने चटणीकडे हात नेणेच थांबवले.

शिराझ वाया गेली नाही. तिला अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले आणि मग मटणाबरोबर घेतली. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम युरोपातल्या थंड घरांसाठी आहे, जिथे खोली सोळा-अठरा अंशांवर असते. सोलापुरातली खोली फेब्रुवारीच्या रात्रीही त्याहून उबदार असते. गार केल्यावर त्याच बाटलीचा अल्कोहोलचा भपकारा ओसरला, जांभळासारखा गंध वर आला, आणि मिठावर व मिऱ्यांवर शिजलेल्या त्या मटणाशी तिची गट्टी जमली.

मित्राचे वडील मात्र आपल्या देशी गोड ‘पोर्ट’ वाइनवरच ठाम राहिले. पोर्तुगालच्या दुरो खोऱ्यात ब्रँडी घालून करतात त्या पोर्टशी या प्रकाराचे नात्यापुरतेही काही नाही, पण त्यांनी त्यात बर्फाचे दोन खडे टाकले आणि गुळाच्या खड्याबरोबर चवीने घेतली. त्यांना कोणी शहाणपण शिकवावे असे मला वाटले नाही.

परतीच्या दिवशी त्याच दुकानातून घरासाठी अर्धा डझन बाटल्या घेतल्या; त्यांत चार शेनिन, एक गुलाबी आणि एक शिराझ होती. डिकी दुपारी भट्टीसारखी तापते, म्हणून खोके मागच्या सीटखाली, ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवले आणि टेंभुर्णीला जेवायला थांबलो तेव्हा गाडी चिंचेच्या सावलीला लावली. उघडलेली बाटली दोघांच्या घरात एका रात्रीत संपत नाही. ती झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली तर तीन दिवस बरी राहते, आणि चौथ्या दिवशी उरलेली शिराझ मी मटणाच्या रश्श्यात ओततो.