ऑइलची पातळी वाढली तेव्हा

इंजिन ऑइल वापरात हळूहळू कमी होत जातं, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, पुसून पुन्हा घातली, बाहेर काढली, तर ऑइल महिनाभरापूर्वीपेक्षा दोनेक मिलिमीटर वर चढलेलं. गाडी सपाटावर, इंजिन बंद होऊन दहा मिनिटं झालेली. मधल्या काळात मी थेंबभरही ऑइल घातलं नव्हतं. पट्टी नाकाजवळ नेली आणि पेट्रोलचा वास आला.

गाडी मी जुनी घेतली होती. छोटं टर्बो पेट्रोल इंजिन, आधीच्या सर्व्हिसची नोंद नाही. तेव्हा एका मेकॅनिकनं सांगितलं होतं, ‘इंजिन जुनं आहे, जाड ऑइल घाला, २०डब्ल्यू-५०.’ सल्ला मनापासूनचा होता, पण मी आधी मॅन्युअल उघडलं. त्यात ५डब्ल्यू-३० हा ग्रेड लिहिला होता. ‘डब्ल्यू’च्या अलीकडचा आकडा थंडीतला प्रवाहीपणा सांगतो. तो जितका लहान, तितकं थंड इंजिन सुरू करताना ऑइल लवकर वरच्या भागांपर्यंत पोचतं. पलीकडचा आकडा १०० अंश सेल्सिअसला असलेल्या जाडीचा. माझ्या इंजिनातल्या बारीक वाटा पातळ ऑइल धरूनच आखलेल्या होत्या, त्यामुळे जाड म्हणजे जास्त सुरक्षित हा हिशेब तिथे बसत नव्हता.

ग्रेडइतकंच महत्त्व डब्यावरच्या दर्जाच्या खुणेला आहे, हे मला तेव्हाच उमगलं. मॅन्युअलमध्ये किमान ‘एसएन’ मागितलं होतं; एपीआय या अमेरिकन संस्थेनं ठरवलेला हा ऑइलचा दर्जा. मी त्याच्या पुढचं, २०२०मध्ये आलेलं एसपी घेतलं. थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत कमी वेगावर, जोर पडत असताना मिश्रण वेळेआधीच पेटण्याचा धोका असतो. त्यापासूनचं संरक्षण एसपीमध्ये तपासलेलं असतं. (मोटरसायकलवाल्यांनी मात्र कारचं ऑइल डोळे मिटून उचलू नये. तिथे क्लच बहुधा त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि तो घसरू नये म्हणून जासो या जपानी मानकाची एमए किंवा एमए२ ही खूण बघावी लागते.)

ऑइल तर बरोबर निवडलं. मग पातळी का वाढत होती?

कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, टाकी पाहिली. पाणी जिथल्या तिथे होतं, म्हणजे ते ऑइलमध्ये उतरत नव्हतं. ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून पांढुरका, सायीसारखा थर. तेव्हा माझं रोजचं जाणं-येणं डोळ्यांसमोर आलं: पाच किलोमीटर जायचं, थांबायचं, पाच किलोमीटर परत. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला की इंजिन तापलं असं मी समजत होतो, पण तो काटा कूलंटचं तापमान दाखवतो. ऑइल त्यामागून, बऱ्याच सावकाश तापतं. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये झिरपतं. ज्वलनातून निघणारी पाण्याची वाफही तिथेच थिजते. ऑइल बराच वेळ गरम राहिलं तर पाणी आणि बरंचसं पेट्रोल उडून जातं. माझ्या गाडीत ते कधी उडतच नव्हतं.

मॅन्युअलमध्ये ऑइलबदलासाठी १५,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी येईल ते, असं ठळक छापलं होतं. तेवढंच वाचून मी निश्चिंत झालो होतो. दोन पानं पुढे बारीक अक्षरांत ‘कठीण वापर’ होता: वारंवार छोटे प्रवास, रहदारीत तासन्‌तास थांबणं, धूळ, वजन ओढणं. त्यासाठी अंतर निम्मं. आपला साधा, हळू चालवलेला प्रवास ‘कठीण’ असेल असं मनातही आलं नव्हतं.

तरी अंदाजावर राहायचं नव्हतं. ८,००० किलोमीटरला ऑइल काढताना गरम धारेच्या मधल्या भागातून नमुना घेतला आणि प्रयोगशाळेत पाठवला. पहिली धार तळाचा गाळ घेऊन येते, म्हणून ती सोडली. अहवाल आला तेव्हा मी सगळ्यात आधी १०० अंशांवरची स्निग्धता, म्हणजे ऑइलची जाडी, पाहिली: ८.६ सेंटीस्टोक्स. तीसच्या ग्रेडला ती किमान ९.३ लागते. म्हणजे डब्यावर ५डब्ल्यू-३० असलं तरी इंजिनात त्याहून पातळ काहीतरी फिरत होतं. इंजिनाच्या झिजेतून येणाऱ्या लोखंडाचं प्रमाण सुदैवानं चिंतेचं नव्हतं. धुळीतून येणारं सिलिकॉनही कमी होतं, म्हणजे एअर फिल्टर धूळ नीट अडवत होता. ऑइल काळंकुट्ट होतं, पण त्याची मला काळजी वाटली नाही; काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्यातल्या डिटर्जंटचं कामच आहे.

त्यानंतर मी ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने ठरवले. प्रत्येक वेळी नवीन फिल्टर, ड्रेन प्लगला नवीन वॉशर. भरताना थोडं कमीच घालतो, इंजिन चालवून बंद करतो, थांबतो आणि मग खुणेपर्यंत आणतो. जास्त झालं तर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनात खाली फिरणारा दांडा, ते घुसळून फेस करू शकतो. शिवाय आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग मोकळ्या रस्त्यावर नेतो.

पुढचा नमुना ५,०००ला दिला. स्निग्धता ९.९ आली. झाकणाखालचा पांढरा थर गेला आहे. पट्टी मी अजूनही दर रविवारी, थंड इंजिनावर काढतो आणि आधी वास घेतो.